वीस वर्षांचा हक्क, अठरा वर्षांची रांग

आमच्या बाजारात माल उधारीवर जातो तेव्हा मुदत ठरलेली असते. मुदत उलटून बऱ्याच काळाने आलेल्या पैशाची किंमत किती उरते, हे कापडाच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. व्याज आम्ही घेत नाही, म्हणून तर वेळेवर अदायगीचे महत्त्व आमच्याइतके दुसरा कोणी जाणत नसेल. सरकारकडून मिळणाऱ्या हक्काचेही तेच आहे. हक्क कबूल झाला, पण त्याची मुदत संपत आल्यावर कबूल झाला, तर तो कागद चौकटीत लावण्यापुरताच उरतो. सॉफ्टवेअरच्या पेटंटचे आपल्या देशात असे झालेले आहे आणि त्याचा संबंध आमच्या मागवाल्यांशी व कारीगरांशीही आहे, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे.

काही बंधू म्हणतील, आमचा सॉफ्टवेअरशी काय संबंध? संबंध आहे. आज भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत डिझाइन संगणकावर बनते. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड त्याच डिझाइनच्या फाइलवर चालते. आमची मुले डिप्लोमा, इंजिनिअरिंग करून घरी परततात आणि वडिलांच्या मागावर काही ना काही नवीन जोडून पाहतात. एखादा मुलगा तार तुटल्याचे कॅमेऱ्याने ओळखणारा प्रोग्राम लिहितो, दुसरा रंगाच्या मिश्रणाचा हिशेब मशीनला शिकवतो. हा हुनर कोणाचा, त्याचा फायदा कोणाला, आणि दुसऱ्याने तो उचलला तर दाद कुठे मागायची, हे प्रश्न आता आमच्या दारात आले आहेत.

अठरा वर्षांचे प्रकरण

पेटंट म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. कोणी नवीन यंत्र किंवा नवीन रीत शोधली आणि ती सरकारला पूर्ण उलगडून सांगितली, तर त्या बदल्यात सरकार त्याला वीस वर्षे मक्तेदारी देते. ही वीस वर्षे पेटंट मंजूर झाल्यापासून मोजली जात नाहीत, अर्जाच्या तारखेपासून मोजली जातात. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

फरीद अल्लानी नावाच्या ट्युनिशियाच्या नागरिकाने जुलै २००२ मध्ये भारतात एक अर्ज केला. इंटरनेटवरील माहितीपर्यंत आणि सेवांपर्यंत पोहोचण्याची एक रीत व साधन, असा त्याचा विषय होता. पेटंट कार्यालयाचा पहिला तपासणी अहवाल २००५ मध्ये निघाला. कार्यालयाचे म्हणणे असे की हा तर नुसता संगणकाचा प्रोग्राम आहे आणि त्यात नवीन असे काही नाही. अर्ज नाकारला गेला. मग प्रकरण बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे गेले. मार्च २०१३ मध्ये मंडळानेही नकारच दिला. अर्जदार दिल्ली हायकोर्टात गेला. तिथे १२ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला. आज मोटारगाडी, धुलाई यंत्र, फ्रिज अशा प्रत्येक वस्तूत प्रोग्राम बसवलेला असतो, म्हणून प्रोग्रामवर आधारलेला प्रत्येक शोध पेटंटच्या बाहेर असे म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. शोधाचा तांत्रिक परिणाम काय, ते पाहा आणि अर्ज पुन्हा तपासा, असे कार्यालयाला सांगण्यात आले.

कार्यालयाने अर्ज पुन्हा तपासला आणि पुन्हा नाकारला. पुन्हा अपील झाले. अखेर २० जुलै २०२० रोजी अपील मंडळाने अर्जदाराच्या बाजूने कौल दिला. २००२ ते २०२० ही अठरा वर्षे होतात. पेटंटच्या वीस वर्षांचा जवळजवळ सगळा काळ रांगेत गेला. ज्या इंटरनेटसाठी तो शोध होता, ते इंटरनेट तोपर्यंत पूर्ण बदलून गेले होते.

हे एकच प्रकरण असते तर आम्ही लिहिले नसते. मायक्रोसॉफ्टच्या एका कंपनीचा २००३ सालचा अर्ज २०१९ मध्ये नाकारला गेला आणि तो नकार मे २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने रद्द केला. मायक्रोसॉफ्टकडे वकिलांची फौज आहे, ती कंपनी वीस वर्षे थांबू शकते. मालेगावचा मागवाला वीस महिनेही थांबू शकत नाही. रांग सर्वांना सारखीच दिसते, पण लांब रांगेत शेवटपर्यंत फक्त पैसेवालाच उभा राहतो.

कायद्याचा दरवाजा अरुंद का?

१९७० च्या पेटंट कायद्यात, २००३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, कलम ३(के) आहे. गणिताची रीत, धंद्याची रीत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट मिळणार नाही, असे ते कलम सांगते. सगळा वाद ‘निव्वळ’ या एका शब्दाचा आहे. प्रोग्राम निव्वळ केव्हा आणि त्याहून जास्त केव्हा? डिसेंबर २००४ मध्ये सरकारने अध्यादेश काढून हा दरवाजा थोडा मोठा करून पाहिला होता, पण २००५ मध्ये संसदेने तो बदल स्वीकारला नाही.

संसदेने बरोबर केले, असे आमचे मत आहे. अल्गोरिदम हा शब्दच मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बसून त्यांनी हिशेबाच्या आणि बीजगणिताच्या रीती लिहिल्या. त्या रीतींवर वीस वर्षांचाच काय, वीस दिवसांचाही पहारा बसला असता तर दुनियेचे काय झाले असते? हिशेबाची रीत ही पाण्यासारखी आहे. विहीर खणणाऱ्याला मेहनताना जरूर द्यावा, पण पाण्याच्या झऱ्यावर कोणाचे नाव लिहू नये.

दरवाजा सताड उघडा ठेवला तर काय होते, ते अमेरिकेने दाखवून दिले आहे. ॲमेझॉन कंपनीने सप्टेंबर १९९७ मध्ये अर्ज केला की ग्राहकाने एकदाच बटण दाबून खरेदी पूर्ण करावी ही आमची युक्ती आहे. सप्टेंबर १९९९ मध्ये पेटंट मिळाले. लगेच पुढच्या महिन्यात कंपनीने बार्न्स अँड नोबल या पुस्तकविक्रेत्यावर दावा ठोकला आणि डिसेंबरमध्ये, ऐन नाताळच्या हंगामात, कोर्टाकडून मनाईहुकूम मिळवला. अपील कोर्टाने तो २००१ मध्ये उठवला, पण हंगाम तर निघून गेला होता. ईदच्या पंधरा दिवस आधी कोणी आमच्या दुकानाचे शटर कोर्टाच्या हुकमाने खाली ओढले आणि ईदनंतर एक वर्षाने माफी मागितली, तर त्या माफीचे आम्ही काय करावे?

त्याच बटणाचे इतर देशांत काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. युरोपच्या पेटंट कार्यालयाने शेवटपर्यंत नकार दिला. कॅनडात १९९८ मध्ये अर्ज झाला, २००९ मध्ये पेटंट आयुक्तांनी नाकारला, २०१० मध्ये कोर्टाने आयुक्तांचा निर्णय फिरवला, २०११ मध्ये अपील कोर्टाने अर्ज पुन्हा तपासायला सांगितले आणि जानेवारी २०१२ मध्ये पेटंट मिळाले. अमेरिकेतील पेटंटची मुदत २०१७ मध्ये संपली. अमेरिकेलाही पुढे शहाणपण आले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ॲलिस खटल्यात सांगितले की नुसती कल्पना संगणकावर चढवली म्हणून ती पेटंटयोग्य होत नाही.

म्हणून आमची तक्रार अरुंद दरवाजाबद्दल नाही. दरवाजा अरुंदच असावा. पण आत घ्यायचे की बाहेर पाठवायचे, हे दारात उभ्या माणसाला लवकर सांगावे. नकार द्यायचा असेल तर दोन वर्षांत द्या, तो दुसरा धंदा पाहील.

जॅकार्डचा धडा

आमच्या धंद्यातच याचे एक जुने उदाहरण आहे. जॅकार्डचे पत्ते, म्हणजे भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे, आमच्या बुजुर्ग कारीगरांनी हाताने कापली आहेत. भोक असेल तिथे सुई पुढे जाते, नसेल तिथे थांबते, आणि त्या हिशेबाने ताण्याची तार वर उचलली जाते. संगणकाचा प्रोग्राम याहून वेगळा काय आहे? इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हीच कार्डे घेतली होती. जगातल्या सॉफ्टवेअरचा एक आजोबा विणकराच्या घरात जन्मला, असे म्हटले तर खोटे होणार नाही.

फ्रान्सच्या लियों शहरात जोसेफ-मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. फ्रेंच सरकारने ते सार्वजनिक मालमत्ता म्हणून जाहीर केले आणि जॅकार्डला पेन्शन व प्रत्येक यंत्रामागे काही रक्कम देण्याचे ठरवले. १८१२ पर्यंत फ्रान्समध्ये अशी अकरा हजार यंत्रे चालू झाली. रोजगार जाईल या भीतीने विणकरांनी सुरुवातीला विरोधही केला, आणि ती भीती सगळी खोटी नव्हती. पण मुद्दा असा की शोधणाऱ्याला त्याच्या हयातीत, त्याच्या हातात मोबदला मिळाला आणि हुनर सर्वांपर्यंत पोहोचला. दोनशे वर्षांपूर्वी जे जमले, ते आज संगणकाच्या जमान्यात का जमू नये?

शरीअतच्या नजरेने

काही वाचक विचारतात की अशा हक्काची खरेदी-विक्री शरीअतमध्ये जायज आहे का? भारतीय उपखंडातील काही बुजुर्ग उलमा इल्मवर कोणाची मालकी मान्य करीत नव्हते, हे खरे आहे. पण जमाना बदलला तसा या प्रश्नावर विचार झाला. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेत येथील बैठकीत ठराव केला की व्यापारी नाव, ट्रेडमार्क, लेखनाचा हक्क आणि शोधाचा हक्क यांना आज मालाची किंमत आहे, शरीअत त्यांना मान्यता देते आणि त्यांच्यावर अतिक्रमण करणे जायज नाही. आपापल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावे, हे तर आहेच. पण दुसऱ्याचे सॉफ्टवेअर चोरून वापरणारा माणूस ‘यात काय झाले’ म्हणतो, त्याने हा ठराव ध्यानात घ्यावा. जो दुसऱ्याची चोरी करतो त्याला स्वतःच्या हुनरच्या चोरीबद्दल रडण्याचा अधिकार राहत नाही.

सरकारने काय करावे

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली अशी की नियम वारंवार फिरवू नयेत. संगणकाशी संबंधित शोध कसे तपासायचे, याची मार्गदर्शक तत्त्वे ऑगस्ट २०१५ मध्ये आली, डिसेंबरमध्ये ती थांबवली गेली, फेब्रुवारी २०१६ मध्ये नवी आली की सोबत नवीन यंत्रभागही पाहिजे, आणि जून २०१७ मध्ये ती अट काढून टाकली गेली. २०२५ मध्ये आणखी नवी तत्त्वे आली. दर दोन वर्षांनी गज बदलला तर कापड मोजायचे कशाने?

दुसरी मागणी मुदतीची आहे. अर्जदाराने तपासणी अहवालाला सहा महिन्यांत उत्तर दिले पाहिजे, फार तर तीन महिने वाढवून मिळतात. तपासणीची मागणी करायची मुदत पूर्वी ४८ महिने होती, ती मार्च २०२४ च्या नियमांनी ३१ महिन्यांवर आणली. अर्जदाराच्या डोक्यावर घड्याळ आहे, मग अपिलालाही तसेच घड्याळ का नसावे? अपील मंडळातील पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, शेवटी २०२१ मध्ये मंडळच बरखास्त झाले आणि अपिले हायकोर्टांकडे गेली. मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या निर्णयावर आता मुंबई हायकोर्टात जावे लागते. ठीक आहे, पण एका वर्षात निकाल लागेल अशी व्यवस्था तिथे करा. आणि कार्यालयाच्या चुकीने वेळ गेला असेल, तर लहान अर्जदाराला अपिलाच्या खर्चाची भरपाई द्या.

आमच्या लोकांनी काय करावे

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्यात शहाणपण नाही. आमच्या समजुतीप्रमाणे काही गोष्टी अशा आहेत.

एक, आधी अर्ज, मग प्रदर्शन. यंत्र बाजारात विकले किंवा चार लोकांना उघड दाखवले की ते ‘नवीन’ राहत नाही. काम पुरे झाले नसेल तर तात्पुरता अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील बारा महिन्यांत देता येतो.

दोन, काय पेटंटयोग्य आहे ते ओळखा. उधारी-वसुलीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम कितीही चांगला असो, ती धंद्याची रीत आहे, त्यावर खर्च करू नका. पण प्रोग्राममुळे माग वेगळ्या रीतीने चालत असेल, सूत वाचत असेल, कापडातला दोष आधी कळत असेल, तर बोलायला जागा आहे. तार तुटल्यावर माग थांबवणारी साधने पूर्वीपासून आहेत. तेव्हा तुमच्या साधनात त्याहून नवीन काय, ते स्पष्ट सांगता आले पाहिजे.

तीन, सवलती वापरा. एकटा माणूस, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना संगणकावरून अर्ज करण्याची फी १,६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ती ८,००० आहे. तपासणीची फी ४,००० रुपये, मोठ्यांना २०,०००. जलद तपासणी मागायची असेल तर ८,००० रुपये भरून स्टार्टअप, लघुउद्योग आणि महिला अर्जदार यांना ती मागता येते. आमच्या मुलींनी हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. वकिलाचा किंवा एजंटचा खर्च मात्र वेगळा असतो आणि तोच जास्त असतो. म्हणून आमच्या विणकर आणि व्यापारी संघटनांनी मिळून एक चांगला एजंट नेमावा, असे आम्ही सुचवतो. लग्नाच्या हॉलसाठी वर्गणी जमते, तर यासाठीही जमेल.

चार, पेटंटशिवायचे हक्क विसरू नका. प्रोग्रामच्या लिखाणावर कॉपीराइट आपोआप मिळतो, लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे. कल्पना त्याने सुरक्षित होत नाही, पण जसेच्या तसे उचलणाऱ्याला पकडता येते. कापडावरच्या नव्या डिझाइनची नोंदणी २००० च्या डिझाइन कायद्याखाली होते, दहा वर्षे आणि वर पाच वर्षे. इथे एक खड्डा आहे. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि तुम्ही स्वतः किंवा तुमच्या परवानगीने यंत्रावर त्याच्या पन्नासपेक्षा जास्त नगांचे उत्पादन झाले, तर त्यावरचा कॉपीराइटही संपतो. आमच्या धंद्यात पन्नास नग म्हणजे एका दिवसाचे काम. हे माहीत नसल्यामुळे किती नक्षी बेवारस झाल्या असतील!

पाच, लिहून घ्या. बाहेरच्या मुलाला पैसे देऊन प्रोग्राम बनवून घेतला म्हणजे तो आपला झाला असे नाही. लेखी करारात हक्क सोपवलेला नसेल तर तो साधारणपणे लिहिणाऱ्याचाच राहतो. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार घेण्याची ताकीद आहे. आमचे लोक ती आयत पढतात आणि लाखाचा व्यवहार जबानीवर करतात. भावाभावात आणि दोस्तादोस्तात झगडे होतात ते बेइमानीने कमी, न लिहिल्याने जास्त.

सहा, दुसऱ्याच्या अर्जांवर नजर ठेवा. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. आमच्या बाजारात वर्षानुवर्षे चालत आलेली युक्ती कोणी मोठी कंपनी आपल्या नावावर करू पाहत असेल, तर पेटंट मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. जुनी बिले, जुने नमुने, जुनी छापील पुस्तके जपून ठेवा. रद्दीत गेलेला कागद उद्या पुरावा ठरला असता, असे म्हणण्याची वेळ येऊ नये.

आमच्या कारीगरांच्या हातात हुनर आहे, मुलांच्या डोक्यात नवी विद्या आहे. आजवर आमचा माल दुसऱ्याच्या नावाने विकला गेला, कारण शिक्का आमच्याकडे नव्हता. आता जो नवीन माल बनतो आहे, तो डोळ्यांना दिसत नाही आणि गोदामात ठेवता येत नाही, त्यामुळे तो आणखी सहज हातचा जाईल. कायदा लांब पल्ल्याचा आणि थकवणारा आहे, तरी निदान त्याची पहिली पायरी आपल्या आवाक्यात आहे. ती चढण्यासाठी पाच-सहा हजार रुपये आणि एक लिहिलेला कागद पुरेसा आहे. पुढची रांग कमी करून घेण्यासाठी मात्र सर्वांनी मिळून आवाज उठवावा लागेल. अल्लाह आमच्या मेहनतीत बरकत देवो.